भुरूचा उपास

अंबरनाथ पूर्वेला टिपणीसांचं घर कुठं म्हणून विचारलं, तर कुणाला चटकन सांगता येत नाही. "सशांच्या काकूंचं?" असं उलटं विचारतात, आणि मग अगदी भाजीवालासुद्धा हात करून दाखवतो, "ती बघा तळमजल्याची गॅलरी, हिरवी जाळी लावलेली." दिनानाथ टिपणीस कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, सोसायटीचे दोनदा सेक्रेटरी होते, पण आता त्यांची ओळख "सशांच्या काकूंचे मिस्टर" एवढीच उरली आहे. ते स्वतःच हे पाहुण्यांना हसत सांगतात, आणि सांगताना मांडीवरचं गिनीपिग खाली ठेवत नाहीत.

वृंदाताईंनी हे काही ठरवून केलं नाही. मुलगी अनुया कॉलेजात असताना उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातून एक हॅमस्टर घेऊन आली. "आई, दोनच वर्षं जगतो हा, मी सगळं करीन," म्हणाली. दोन वर्षं व्हायच्या आत तिचं लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि तो मुठीएवढा जीव आईच्या गळ्यात पडला. वृंदाताई मराठी शाळेत शिकलेल्या. हॅमस्टर काय खातो, कधी झोपतो, हे सगळं मोबाईलवर इंग्रजीत. अडलेला शब्द कागदावर उतरवून संध्याकाळी त्या अनुयाला फोन करायच्या. हॅमस्टर अडीच वर्षं जगला. तोवर वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांचे दोन ससे आणून ठेवले होते, "आठ दिवसांसाठी फक्त, घराला रंग काढलाय." रंग वाळला, ससे न्यायला कुणी आलं नाही.

मग बातमी पसरत गेली. परीक्षा जवळ आली की मुलांचे हॅमस्टर यायचे. दिवाळीच्या साफसफाईत ससे यायचे. दुकानदाराने "दोनों मादा हैं, चाची" असं छातीवर हात ठेवून सांगितलेल्या जोडीला सात पिल्लं झाली, की ती माणसं पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दारात उभी राहायची आणि काकूंवरच रागवल्यासारखी बोलायची. आणि गणपतीनंतर यायचे पांढरे उंदीर. काही हौशी लोक आरासीत बाप्पाच्या पायाशी जिवंत उंदीर ठेवतात, दहा दिवस मोदक भरवतात. विसर्जन झालं, की उंदरांचं काय करायचं हे कुणाला माहीत नसतं. दिनानाथराव म्हणायचे, "बाप्पा पोचले घरी, गाडी मात्र आपल्या दारात लावून गेले."

वृंदाताईंचा एक नेम होता. सकाळी आधी सगळ्यांच्या पिंजऱ्यांतलं गवत-पाणी, मग अंघोळ, मग देवपूजा. सासूबाई होत्या तोवर त्यांना हे पटायचं नाही. वृंदाताई वाद घालायच्या नाहीत. गवत घालून यायच्या, निरांजन लावायच्या, हात जोडायच्या. देवाकडे त्या काही मागत नसत असं नाही. "चौदा झालेत, आता पंधरावा नको आणूस," एवढं तरी रोज मागायच्या.

दुसरा नेम, घर बघितल्याशिवाय कुणाच्या हाती जीव सोपवायचा नाही. कुणी घेतो म्हणालं, की त्या स्वतः जायच्या. पिंजरा कुठं ठेवणार, ऊन किती येतं, घरात कुत्रा आहे का, मुलं मारकुटी आहेत का. एक ताई "जोडी शुभ होती है" म्हणून दुकानात काउंटरवर ठेवायला ससे मागत होत्या, त्यांना नाही म्हटलं. एकाला वाढदिवसाला सरप्राइज द्यायचा होता, त्यालाही नाही. यावर लोक चिडायचे. "फुकट देताय आणि वर मुलगी दाखवल्यासारखं करताय?" असं एकजण तोंडावर म्हणाला होता. वृंदाताई म्हणाल्या, "हो. तसंच समजा."

तर अशा त्या घरात भुरू अकरा महिने राहिला.

भुरू म्हणजे मातकट रंगाचा, बऱ्यापैकी मोठा ससा. कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यातला एक कारीगर त्याला चिंध्यांच्या पोत्यात गुंडाळून शेअर रिक्षाने घेऊन आला होता. कुणी तरी कारखान्याच्या जिन्याखाली सोडला होता म्हणे. उजवा डोळा पांढरा पडलेला. बघायला सात जण येऊन गेले, सातही जणांनी एकच विचारलं, "दुसरा नाही का? पांढरा, लाल डोळ्यांचा?" भुरूला ते कळत नव्हतं हे बरं होतं. वृंदाताई पूजेला बसल्या, की तो येऊन त्यांच्या मांडीला पाठ लावून बसायचा आणि आरती झाली की उठून जायचा.

"याला ठेवून घे," दिनानाथराव म्हणाले होते.

"असं एकेकाला ठेवत गेले तर पुढच्याला जागा कुठं? आपलं काम द्यायचं आहे, ठेवायचं नाही," असं वृंदाताई म्हणाल्या. मनातून त्यांना तो ठेवायचा होता.

आठवं घर आलं ते बदलापूरचं, कुळगावातलं. बनूबाई म्हणून सत्तरी ओलांडलेली म्हातारी, तिचा मुलगा जनू कंपनीत कामाला, सून माधवी, आणि नऊ वर्षांची नात चिमी. शेत थोडं उरलेलं, दारात एक गाय. चिमीला ससा हवा होता. वृंदाताई बघायला गेल्या आणि ओटीवर बसताक्षणीच त्यांना बरं वाटलं. सारवलेलं अंगण, पेंढ्याची उडवी, मागे परडं, कुठं प्लॅस्टिकचा कपटा नाही. इतकी वर्षं त्या दहाव्या मजल्यावरच्या बाल्कन्या बघत आल्या होत्या.

बनूबाईंनी भुरूला उचलून तोंडाजवळ धरलं. "याचा डोला असा कशान झाला गो?"

"एकाच डोळ्यानं दिसतं त्याला, मावशी."

"माझं बी तसंच. मोतीबिंदू हाय. जमंल आमचं." मग सुनेकडे वळून, "चाय ठेव ना गो, बाय लांबशी आलीय."

वृंदाताईंनी सवयीप्रमाणे सगळं दोनदा सांगितलं. भात नाही, भाकरी नाही, पाव-बिस्कीट नाही, डाळ नाही, दूध-चहा नाही, गोडधोड नाही. समोर दिवसरात्र सुकं गवत नाही तर पेंढा, आणि वर मूठभर पाला.

"देवाचा परसाद बी नाय?"

"नाही, मावशी."

बनूबाईंनी आत देवाकडे बघितलं. "बरं. देव समजंल."

त्या एका वाक्यावर वृंदाताईंनी भुरू दिला. घरी येऊन दिनानाथरावांना म्हणाल्या, "आपल्याहून चांगलं घर मिळालं त्याला." त्या रात्री नेहमीपेक्षा दोन चपात्या कमी खाल्ल्या, ते दिनानाथरावांनी बघितलं.

पाच महिने सगळं छान चाललं. माधवी फोटो पाठवायची. भुरू ओटीवर, भुरू चिमीच्या दप्तरावर, भुरू बनूबाईंच्या पायावर मान टाकून झोपलेला. वृंदाताई दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा त्याने त्यांना हुंगलं आणि परत बनूबाईंकडे जाऊन बसला. "बघितलास? फितूर झाला," असं म्हणून त्या हसल्या. येताना मन हलकं होतं.

पौषात चिमी तापानं पडली. टायफॉईड. अकरा दिवस दवाखान्यात होती. बनूबाईंनी शंकराला बोलून ठेवलं, पोर उठून बसली की सगळं घर तुझी शिवरात्र धरील. पोर उठून बसली. वृंदाताईंना माधवीने फोनवर हे सांगितलं होतं, आणि वृंदाताई मनापासून म्हणाल्या होत्या, "करा हो करा. शंकर भोळा आहे, ऐकतो."

महाशिवरात्रीला अंबरनाथमध्ये पाय ठेवायला जागा नसते. शिवमंदिराची यात्रा, रस्ते बंद, रिक्षा बंद, रांग थेट बाजारापर्यंत. वृंदाताईंचा लग्नाच्या आधीपासूनचा उपास. पहाटे पिंजऱ्यांत गवत घातलं, पाण्याच्या वाट्या भरल्या, रांगेला लागल्या आणि दर्शन करून साडेबाराला घरी आल्या. रताळ्याचा कीस केला होता तो खाऊन जरा आडव्या झाल्या. तीन वाजता फोन वाजला.

"काकू," माधवी म्हणाली, "भुरू सकाळपासून एका जागी बसलाय. हलत नाही. दात वाजवतोय."

वृंदाताई उठून बसल्या. "लेंड्या टाकल्यात का?"

"रात्रीपासून नाही बहुतेक."

"काय खाल्लंय त्यानं?"

"त्याचा उपास आहे ना आज," माधवी म्हणाली. जशी चिमीची शाळा आहे ना आज, तशा सुरात. "काल रात्रीपासून पेंढा काढून ठेवलाय. पण उपाशी नाही ठेवला हां काकू. साबुदाणा दिलाय, शेंगदाणे, केळं, रताळं दिलंय. आईंनी स्वतःच्या हातानं भरवलं. त्यानं पण आवडीनं खाल्लं."

वृंदाताईंनी फोन कानाला धरूनच खुंटीवरची पिशवी काढली. मग एवढंच म्हणाल्या, "पुढं काही देऊ नका. मी येते."

सशाचं पोट ही एक विचित्र गोष्ट आहे. ते चोवीस तास चालू राहावं लागतं, आणि गवतावरच चालतं. गवत थांबलं की पोट थांबतं, आणि त्यात पिठूळ, गोड पडलं की ते आंबून फुगतं. वृंदाताईंनी हे लोकांना इतक्यांदा सांगितलं होतं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

पिशवीत त्यांनी सिरिंज टाकली, गवताची पूड टाकली, पोटातल्या गॅसवरचे थेंब, गरम पाण्याची पिशवी, जुनं फडकं. यात्रेच्या गर्दीतून उलट्या दिशेने स्टेशनला जायला पाऊण तास लागला. "हर हर महादेव" म्हणत लोक अंगावर येत होते आणि त्या "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या" म्हणत होत्या. एका बाईने "काकू, दर्शन तिकडं आहे," असं हात धरून सांगितलं. कुळगावात पोचल्या तेव्हा पाच वाजून गेले होते.

भुरू ओटीच्या कोपऱ्यात पाठ गोल करून बसला होता. बनूबाई शेजारी, हात त्याच्या पाठीवर. चिमी दाराला धरून उभी. वृंदाताईंनी त्याचे कान चाचपले. थंड. पोटाला हात लावला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. पोट फुग्यासारखं ताणलेलं, टणक.

त्यांनी डोंबिवलीच्या किर्ती मॅडमना फोन लावला. सशा-उंदरांचं नीट कळणारी त्या भागात तेवढीच एक डॉक्टर त्यांना माहीत होती. मॅडम सुट्टी म्हणून माहेरी गेल्या होत्या, नगरला.

"पोट टणक आहे? मग तोंडातून काही भरवू नका काकू, अजिबात. गवताची पूड पण नाही. थेंब द्या आणि ऊब द्या. त्याला इंजेक्शन आणि सलाईन लागेल. जवळ कुणाकडे तरी न्या."

जनू मोटरसायकल घेऊन गेला, अर्ध्या तासाने परत आला. एका डॉक्टरचं शटर बंद होतं, सण म्हणून. दुसऱ्यानं सांगितलं, कुत्र्या-मांजराचं बघतो, सशाला कुठलं इंजेक्शन सोसेल ते मला माहीत नाही, उगीच जीव जायचा. खोटं बोलला नाही बिचारा.

वृंदाताईंनी आणलेली सिरिंज आणि गवताची पूड तशीच पिशवीत राहिली. त्यांनी थेंब दिले, गरम पिशवी फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला लावली, दोन बोटांनी पोट हलकं हलकं चोळत राहिल्या. करण्यासारखं एवढंच होतं.

"मावशी," त्या न राहवून म्हणाल्या, "याला कशाला हो धरायला लावलात उपास?"

बनूबाई गोंधळून बघायला लागल्या. "सगल्या घरानं धराचा, असं बोलले व्हते मी देवाला. घरातलं एक माणूस वगललं तर नवस फिटंल कसा?"

"मग गाईला नाही धरायला लावलात."

"गाय गोठ्यातली. ह्यो घरातला."

वृंदाताई खाली बघून पोट चोळत राहिल्या.

"पेंढा तरी ठेवायचा होता, मावशी."

"पेंढा भाताचाच ना बाय? भात उपासाला कसा चालंल?" आणि मग अगदी साधेपणाने म्हणाल्या, "दोन संकष्ट्या केल्यान त्यानं. काय नाय झालं. चंद्र दिसला की पेंढा दिला. शिवरातीचा उपास दुसऱ्या दिशी सकालीच सुटतो, म्हनून रातीपून काढला तो तसाच ठेवला."

चिमी दारातून म्हणाली, "काकू, तो बरा होईल ना? माझ्यासाठी धरलाय त्यानं उपास."

"देवाचं नाव घे हं, बाळ," वृंदाताई म्हणाल्या. त्यांनी स्वतःही घेतलं. सकाळी रांगेत तासन्‌तास उभं राहून जे घेतलं होतं तेच.

दिवेलागणीला माधवी देवाजवळ दिवा लावून वळली. तेवढ्यात भुरूचे मागचे पाय ताणले गेले आणि तो ओरडला. ससा जन्मभर मुका असतो. घरातल्या कुणीच त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. बारीक, लहान मुलासारखा, एकदाच.

"आजी, तो बोलला," चिमी म्हणाली.

वृंदाताईंनी हात ठेवून बघितलं, मग फडकं त्याच्या तोंडावर ओढलं. माधवी चिमीला आत घेऊन गेली. पोर आत जाईपर्यंत रडली नाही. मग तिचा आवाज बाहेर यायला लागला.

बनूबाई बसल्या होत्या तशाच होत्या. "उपासान गेला ना, बाय?"

"त्याचं पोट नाजूक असतं, मावशी. कधी कधी आपण कितीही..."

"मी ते नाय इचारलं."

वृंदाताईंनी देवाच्या दिव्याकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारी किती दिवसांची सोबती, कशाला तिच्या जिवाला लावायचं. पण उद्या चिमीला कुणी दुसरा ससा आणून दिला तर? आणि अशा दिवशी, असं सरळ विचारणाऱ्या बाईला...

"हो, मावशी," त्या म्हणाल्या. "त्यानंच गेला."

बनूबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "तू सांगलंस ते रोजचं, बाय. उपासाचं नाय सांगलंस." त्यात राग नव्हता. चूक कुठं झाली ते शोधत होत्या, एवढंच.

"नाही सांगितलं," वृंदाताई म्हणाल्या. "माझ्या डोक्यातच आलं नाही हो." आणि ते खरं होतं. भात, पाव, बिस्कीट, डब्यातले शेव-चिवडे, चॉकलेट, सगळं आठवून आठवून सांगितलं होतं. पन्नाशी उलटेपर्यंत महिन्याला चार उपास करणाऱ्या बाईला साबुदाणा आठवला नव्हता. बनूबाईंच्या जागी आपली सासू असती, तर तिनेही हेच केलं असतं. कदाचित आपणही. जनूनं परड्यात खड्डा केला. वृंदाताई मातीला हात लावून घरी परतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाताईंनी वरण-भाताचा कुकर लावला, उपास सोडायला पानं घेतली, आणि माधवीचा फोन आला.

"काकू, आई उपास सोडत नाहीयेत. काल दुपारपासून पाणीसुद्धा नाही. त्यांना शुगर आहे, गोळ्या आहेत. ह्यांनी सांगितलं, मी सांगितलं, चिमी पाया पडली. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"माझं कशाला ऐकतील?" वृंदाताई म्हणाल्या, पण वाढलेल्या पानावर झाकण ठेवून त्या निघाल्या. दिनानाथराव म्हणाले, "अगं दोन घास खाऊन जा." त्या तोवर चपला घालून दाराबाहेर पडल्या होत्या.

बनूबाई ओटीवर त्याच कोपऱ्यात बसल्या होत्या. समोर ताट. भात, वरण, वालाची भाजी, थोडी खीर. खिरीवर साय धरली होती.

"मावशी, पारणं करायचं असतं. नाही केलं तर उपास पुरा होत नाही, हे मी सांगायला हवं का तुम्हाला?"

"त्याचा नाय सुटला," बनूबाई म्हणाल्या. "मी कशी सोडू?"

"तो गेला, मावशी. चिमी आहे. चिमीसाठी केलंत ना सगळं? तिच्याकडे बघून तरी."

"बघते ना. तिच्याकरशीच बघते." मग म्हणाल्या, "तू खाल्लंस?"

वृंदाताईंनी ताटावरची माशी उडवली.

"नाय ना? मग माला काय सांगतंस."

माधवी दाराशी उभी राहून दोघींकडे बघत होती. वृंदाताईंनी ताट पुढे सरकवलं, एक घास कालवला, हात पुढे केला. बनूबाईंनी तो हात धरला, हळूच खाली ठेवला, आणि तसाच धरून ठेवला. म्हाताऱ्या हाताला चांगलीच पकड होती.

"एक सांग, बाय. तुला त्यांचं समजतं. रातच्याला पेंढा उचलला तवा तो माझ्या मागं मागं आला. चुलीपावेतो आला. मी बोलले, धीर धर बाला, परवा सकाली देते. त्याला काय समजलं असंल? शिवरात हाय, हे त्याला कुनी सांगलं व्हतं का?"

वृंदाताईंनी तोंड उघडलं. लोकांना सशांबद्दल काय काय सांगत आल्या होत्या त्या, इतकी वर्षं. आता हात भातानं माखलेला, दुसऱ्या बाईच्या हातात अडकलेला.

माधवी पुढे आली. तिने ताट उचललं, वर दुसरं ताट उपडं घातलं आणि आत नेऊन ठेवलं.